‘बस’ हा मूळचा प्रत्ययच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील व्युत्पत्तीविषयक टिपणात ‘ऑम्निबस’ या शब्दाची फोड ‘ऑम्नि म्हणजे सर्व आणि बस म्हणजे गाडी’ अशी दिली आहे. ती चुकीची आहे. लॅटिन भाषेत गाडी या अर्थाचा ‘बस’ असा शब्दच नाही; ‘ऑम्निस’ म्हणजे सर्व, आणि त्याला चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय लागून ‘ऑम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’, हे रूप सिद्ध होते. फ्रान्समधील नांत शहरात १८२०च्या दशकात सुरू झालेल्या घोडागाड्यांना हे नाव मिळाले, आणि जॉर्ज शिलिबियर यांनी ४ जुलै १८२९ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक (बँक ऑफ इंग्लंडचा परिसर) अशी सेवा सुरू केली तेव्हा ते इंग्रजीत रुळले. पुढे बोलण्याच्या ओघात इंग्रजांनी अर्थ वाहणारा मूळ शब्द गाळला आणि केवळ प्रत्यय ठेवला.

हा प्रत्यय आपल्याला परका नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. लॅटिनमधील ‘बस’ आणि संस्कृतातील ‘भ्यस्’ (‘रामेभ्यः’मधील ‘भ्यः’) हे एकाच आदिभाषेतून आलेले सगोत्र प्रत्यय आहेत. संस्कृतात जसे चतुर्थी आणि पंचमीचे अनेकवचन एकाच रूपाने होते, तसेच लॅटिनमध्येही ‘बस’ हे एकच रूप ‘-साठी’ आणि ‘-पासून’ हे दोन्ही अर्थ देते. श्राद्धाच्या मंत्रांत आपण ‘पितृभ्यः’ म्हणतो, त्याचे लॅटिन रूप ‘पात्रिबुस’ असे आहे (‘बुस’ हा ‘बस’चाच लॅटिन उच्चार). दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की वेगळा पुरावा मागावा लागत नाही. शाळेत अनेक वर्षे संस्कृत शिकवताना हे साम्य फळ्यावर लिहून दाखवले की शब्दरूपांना कंटाळलेली मुलेही सावरून बसत, हा माझा अनुभव आहे.

सुट्या झालेल्या या प्रत्ययापासून इंग्रजीने मिनीबस, ट्रॉलीबस असे नवे शब्द घडवले. आपण ‘बसेस’ म्हणतो तेव्हा तर मुळातच अनेकवचनी असलेल्या लॅटिन प्रत्ययाला इंग्रजीचा दुसरा अनेकवचनी प्रत्यय जोडतो. त्यापेक्षा ‘बसगाड्या’ हे रूप मला अधिक योग्य वाटते.

ही पुरवणी विद्यार्थी कात्रणे काढून जपून ठेवतात, म्हणून पुढील अंकात या फोडीची दुरुस्ती छापावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त संस्कृत शिक्षक, सातारा