जमिनीवरच हार्नेस अडकवायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना काढण्याआधी सर्वसाधारणपणे सुरक्षा-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि ते देणारे बहुतेक जण आपल्यासारखे स्वयंसेवक असतात. अभ्यासक्रमात आहे तेवढे शिकवून आपण थांबला असतात, तरी कोणी आपल्याला बोल लावला नसता. आपण तेवढ्यावर थांबला नाहीत, म्हणून माझा मुलगा आज धडधाकट आहे. त्याबद्दलचे आभार आपल्या मंडळातल्या सगळ्यांसमोर मानावेत, असे मनापासून वाटल्याने हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात वाढलेल्या आमच्या पिढीचा शिकारीशी काहीच संबंध आला नाही. इथे मात्र नोव्हेंबरात बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम लागला की मुलांचे वर्गमित्र आपापल्या आजोबांबरोबर रानात जातात, आणि आमच्या मुलांनाही जावेसे वाटते. त्यांना बोट धरून शिकवायला घरात कोणी नसते. ती उणीव आपण भरून काढलीत. पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या घरांतही झाडावरच्या मचाणाबाबत सगळेच चांगले शिकवले जाते असे नाही, हेही आपण स्पष्टपणे सांगितलेत. ‘आमचे वडील कधी पट्टा बांधत नसत’ हे वाक्य अभिमानाने सांगण्याचे नाही, असे आपण मुलांना बजावले होते.

अनेक लोक हार्नेस, म्हणजे पडल्यास अंगाला धरून ठेवणारा पट्ट्यांचा साज, अंगात घालून शिडी चढतात आणि वर बसल्यावर तो झाडाला बांधतात. माणसे मात्र मुख्यतः चढताना, उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना पडतात. म्हणजे ज्या वेळी पट्टा कशालाच बांधलेला नसतो, नेमक्या त्याच वेळी. एवढी साधी गोष्ट आपण मुलांकडून कृतीतून घोटून घेतलीत. मचाणाच्या वर झाडाला बांधून बुंध्यालगत जमिनीपर्यंत सोडलेली लाइफलाइन, तिच्यावर प्रुसिक गाठ (हाताने सरकते, पण भार पडताच दोरीवर आवळते), गाठीतल्या कॅराबिनरला, म्हणजे उघड-मीट होणाऱ्या धातूच्या कडीला, हार्नेसचा पट्टा, आणि हे सगळे पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी. चढताना गाठ हाताने वर सरकवत न्यायची, उतरताना खाली आणायची, पण ती सतत डोक्याच्या वर ठेवायची, म्हणजे पडलोच तरी झटका कमी बसतो. मुळात लाइफलाइन बांधायला पहिल्यांदा वर जाणाऱ्याचे काय, असा प्रश्न एका मुलीने विचारला, तेव्हा विजेच्या खांबावर चढणारे कामगार वापरतात तसा कमरेचा पट्टा बुंध्याभोवती टाकून कसे चढायचे, हे आपण या वयात स्वतः चढून दाखवलेत. ते पाहताना आम्हा पालकांचा जीव वर-खाली होत होता. मुले मात्र ते विसरली नाहीत.

गेल्या हंगामात मुलगा मित्राच्या शेतावर गेला होता. सकाळी शिडीच्या पायऱ्यांवर दव गोठलेले होते आणि दुपारपर्यंत सावलीतल्या पायऱ्या तशाच निसरड्या राहिल्या. उतरण्याआधी त्याने बंदूक रिकामी केली आणि नळी खालच्या दिशेला ठेवून दोरीने हळूहळू जमिनीवर सोडली, त्यामुळे दोन्ही हात मोकळे होते. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात शिडीवर टेकलेला असावा, हा नियमही तो पाळत होता. तरीही बूट सटकला, हातमोज्यातून पायरी निसटली आणि तो शिडीपासून बाजूला फेकला गेला. गाठ दोरीवर आवळली आणि तो फूटभर खाली येऊन लोंबकळत राहिला. पंधरा फुटांवरून गोठलेल्या जमिनीवर पडला असता तर काय झाले असते, हे मला लिहिवत नाही.

लोंबकळत राहणेही धोक्याचेच असते, हे मला आपल्यामुळेच कळले. मांड्यांवरचे पट्टे करकचून बसतात, रक्त पायांत साचते आणि सुटका लवकर झाली नाही तर माणूस शुद्ध हरपू शकतो. म्हणूनच हार्नेसच्या खिशातला आधारपट्टा काढून, त्याचा फास करून, त्यात पाय रोवून उभे राहण्याचा सराव आपण प्रत्येकाकडून करून घेतला होता. मुलाने तेच केले. मांड्यांवरचा भार उतरल्यावर त्याने शांतपणे शिडी पकडली आणि गाठ सरकवत खाली आला. मित्राच्या वडिलांना तो स्वतः कुठल्या झाडावर आहे आणि किती वाजता परतणार, हे त्याने आधीच कळवले होते. ते येईपर्यंत हा खाली उभा होता.

त्या शेतावरच्या सगळ्या मचाणांची आता फेरतपासणी झाली आहे. झाड वाढते तसा त्याला बांधलेला पट्टा ताणला जातो, उन्हाने त्याचे धागे कुजतात, खारी तो कुरतडतात; हे आपण सांगितल्याप्रमाणे पाहून जुने पट्टे बदलले आणि एक वाळलेले झाड मचाणासाठी कायमचे बाद केले. झटका बसलेला हार्नेस वरून शाबूत दिसत असला तरी पुन्हा वापरायचा नसतो, म्हणून मुलाने त्याचे पट्टे कात्रीने कापूनच तो टाकला, जेणेकरून दुसऱ्या कोणाच्या हाती तो लागू नये. नव्या हार्नेसचे पैसे त्याने स्वतःच्या कमाईतून दिले.

काका, एक विनंती आहे. येत्या सप्टेंबरात धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम लागण्यापूर्वी आपण मंडळातल्या पालकांसाठी वेगळा वर्ग घ्यावा. शिडी उभी करण्यापासून गाठ मारण्यापर्यंत सगळे आम्हालाही यायला हवे, कारण मुलाने पट्टा कुठे अडकवला आहे हे तपासणारे डोळे घरात असले पाहिजेत. जागेची आणि दोरांची व्यवस्था आम्ही करू. आपण फक्त तारीख कळवावी.

आपली कृतज्ञ,
आपल्या एका विद्यार्थ्याची आई