सुंठीकडे न बघणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

तुम्ही नाशिकला लेकीकडे राहायला गेलात त्या दिवशी लिफ्टपाशी मी फक्त "पोचलात की फोन करा" एवढंच बोलले, बाकी सगळं घशातच राहिलं, म्हणून आता बसून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण कितीतरी घरात आमच्या सुंठीसारखं एखादं मांजर असतं, पाहुणे आले की दिवाणाखाली गायब, आणि घरातले "आमचं मांजर माणूसघाणं आहे हो" म्हणून सोडून देतात. मी पण सोडूनच दिलेलं.

मागच्या वर्षीचा गणपती आठवतोय ना तुम्हाला, ७ सप्टेंबर २०२४. आमच्याकडे दीड दिवसाचा. सकाळी अकरानंतर माणसं यायला लागली, झांजा, टाळ्या, पोरांची पळापळ, आणि सुंठी जी वॉशिंग मशीनच्या मागे गेली ती दुसऱ्या दिवशी विसर्जन करून आलो तरी तिथेच. खाल्लं नाही, पाणी नाही, रात्री कधीतरी बाहेर येऊन गाद्यांच्या थप्पीवर शू करून परत आत. त्यात माझ्या एका भावाने "थांब मी काढतो" म्हणून तिला मानगुटीला धरून ओढलं, तिने हात चांगलाच फाडला, त्याला इंजेक्शनांचा कोर्स घ्यावा लागला. मी तिथेच उभी होते काकू, हातात आरतीचं ताट होतं, आणि मी त्याला थांबवलं नाही. ते अजून डोक्यातून जात नाही. त्याच संध्याकाळी घरात बोलणं सुरू झालं की कोणालातरी देऊन टाका.

तुम्ही प्रसादाची वाटी परत द्यायला आला होतात. मशीनच्या फटीकडे एकदा नजर टाकलीत आणि लगेच तोंड फिरवून म्हणालात, "आता तिला कुणी बघू नका. आधी डॉक्टरांना दाखवून या, मग मी येते मेथी घेऊन."

डॉक्टरांकडे गेलो ते बरं झालं, कारण मांजराला कुठे दुखत असलं तरी ते असंच लपून बसतं. तिला दुखणं काहीच नव्हतं. पण डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या त्या मला आधी माहीतच नव्हत्या. एक म्हणजे मांजर दोन-तीन दिवस काहीच न खाता राहिलं तर लिव्हरवर येऊ शकतं, त्यामुळे "भूक लागली की येईल बाहेर" हे धोक्याचं आहे. आणि दुसरं, पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असताना माणसांची सवय सगळ्यात सोपी लागते. सुंठी आम्हाला सापडली तेव्हा चार महिन्यांची होती, भर पावसात बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये, म्हणजे ते आठवडे तिचे कुठेतरी गटाराच्या कडेला गेलेले. मी दोन वर्षं तिला आगाऊ, घमेंडी म्हणत होते आणि ती बिचारी नुसती घाबरत होती.

मग तुम्ही यायला लागलात. रोज पाचला, बेल न वाजवता, बोटाने दोनदा टकटक. गुडघे दुखत असताना खुर्ची नको म्हणून पाट मागून घेतलात, उभं माणूस तिला डोंगराएवढं दिसतं म्हणालात, आणि पॅसेजकडे पाठ करून भाजी निवडत बसलात. कधी मेथी, कधी मटार, कधी नुसती लसूण सोलत (आणि सालं लगेच पिशवीत, कारण कांदा-लसूण मांजराच्या पोटात गेलं तर विषच). सुंठीला हाक नाही, प्स प्स नाही, मान वळवून बघणं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मीच वैतागून म्हटलं काकू एकदा बोलवून तरी बघा, तर म्हणालात, "पाहुणी मी आहे ना गं, घर तिचं आहे. बोलवायचं तिने."

तिचं संध्याकाळचं खाणं पाचलाच द्यायचं हे तुम्ही ठरवलंत, म्हणजे तुम्ही आलात की वाटी येते हे तिच्या डोक्यात बसेल. उकडलेलं चिकन, बिनमिठाचं. वाटी आधी आतल्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत. शांतपणे खातेय असं तीन-चार दिवस दिसलं की एक फरशी पुढे. अर्धं टाकून पळाली की एक फरशी मागे. उंबऱ्यापासून तुमच्या पाटापर्यंत अकरा फरशा होत्या, मला आता झोपेतही मोजता येतील. आणि जाताना तुमच्या जुन्या सुती साडीचा एक तुकडा वाटीखाली अंथरून गेलात, म्हणालात मी नसताना माझा वास राहू दे इथे, तिला निवांत हुंगू दे. तो तुकडा तिने तिसऱ्या रात्री ओढत नेला आणि त्यावर झोपली. मी रडले होते तेव्हा, तुम्हाला सांगितलं नव्हतं.

खोकंही तुमचंच. मिक्सरचं मोठं खोकं, दोन्ही बाजूंनी दार कापलेलं, कपाटावर, आणि चढायला शेजारी स्टूल. मला वाटायचं लपायला जागा दिली तर ती कायमची लपूनच बसेल. झालं उलटंच, पळायला जागा आहे म्हटल्यावर ती खोक्यातून डोकं बाहेर काढून वरून तुमच्याकडे बघायला लागली. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये नव्या आलेल्या मांजरांवर असं करून बघितलंय म्हणे, २०१४ चा अभ्यास आहे, ज्यांना लपायला खोकं दिलं ती लवकर सावरली. तुम्ही हे कुठे वाचलं नव्हतंत, तुम्ही राजापूरच्या घरात माळ्यावर चढून बसणारी मांजरं बघितली होतीत.

तसंच ते डोळ्यांचं. सुंठी कधी समोर आली तर तुम्ही रोखून न बघता पेंग आल्यासारखे डोळे हळू मिटायचात, हळू उघडायचात. मला वाटलं दुपारची झोप राहिली असेल! नंतर कळलं की इंग्लंडच्या ससेक्स युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये यावरच अभ्यास छापलाय, माणसाने असे डोळे मिटले तर मांजरंही तसेच मिटतात आणि अनोळखी माणसाच्याही हाताजवळ यायला जास्त तयार होतात. सुंठीने तुम्हाला पहिल्यांदा डोळे मिटून दाखवले तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता, आणि मधे दिवाळीच्या फटाक्यांनी सहा फरशा मागे नेलं होतं ते वेगळंच.

आणि मग डिसेंबरात मी तो घोळ घातला. ती तुमच्या पाटापाशी येऊन तुमच्या बोटाला नाक लावून गेली होती, सगळं इतकं छान चाललेलं, आणि मला इतकं भरून आलं की मी तिला उचललं आणि तुमच्या मांडीवर ठेवलं. एका सेकंदात ती तुमच्या खांद्यावरून उडी मारून गेली, तुमच्या गळ्यावर ओरखडा, आणि पुढचे आठ दिवस पाच वाजले की ती खोक्यात. तुम्ही माझ्यावर चिडला असतात तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही डेटॉल लावून घेतलंत, सुई घ्यायला माझ्याबरोबर दवाखान्यात आलात, आणि दुसऱ्या दिवशी पाचला टकटक. "चल, वाटी उंबऱ्यात ठेव." काकू, तीन महिन्यांचं काम मी घालवलं आणि तुम्ही एक शब्द न बोलता परत पहिल्या फरशीवर बसलात. सगळ्यात जास्त आभार मला त्या दिवसाचे मानायचेत.

बेलचं काम आपण मार्चमध्ये धरलं. तिला माणसाआधी बेलचीच भीती होती, मांजराला आपल्यापेक्षा खूप वरच्या पट्टीतलं ऐकू येतं, आणि आमची ती चिमणी चिवचिवणारी बेल तर मलाही कर्कश वाटते. फोनवर बेल रेकॉर्ड केली, फोन उशीखाली, आवाज अगदी बारीक, आणि वाजली की लगेच चिकनचा एक तुकडा. कान मागे गेले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या की आवाज कमी करायचा, बस. तीन आठवडे गेले खऱ्या बेलपर्यंत यायला, त्यात एकदा गॅसचा सिलिंडर दारात दाणकन आपटला तेव्हा चार दिवस सुट्टी द्यावी लागली.

मग नवीन माणसं, एका वेळी एकच, तुमच्यासारखंच पाटावर बसणारं. मे महिन्यात पोरं घरी होती तेव्हा त्यांना तुम्ही नुसतं गप्प बसा म्हणाला नाहीत, काम दिलंत: चिकनचा तुकडा तिच्या पाठीमागे टाकायचा. मला आधी कळेना मागे का, जवळ बोलवायचंय ना. तर म्हणालात, पुढे टाकला तर खायच्या लोभाने जवळ येते आणि खाऊन झालं की दचकते, मागे टाकला की खायला लांब जाते, आणि मग परत आली तर स्वतःच्या मनाने आली. माझी लेक आता तिच्या मैत्रिणींना हेच शिकवते, अगदी तुमच्या आवाजात.

यंदा २७ ऑगस्टला काय झालं ते तुम्ही अर्धंच बघितलंत, तुम्ही दुपारी घरी गेला होतात. आरतीच्या वेळी ती आतल्या खोलीतच होती, दार लोटलेलं, खोकं, पाणी, शूचा ट्रे सगळं आत, ढोल-झांजा तिला आवडणार नाहीतच आणि आवडायला हव्यात असंही नाही. पण संध्याकाळी सातच्या सुमारास दहा-बारा माणसं चहा घेत बसली असताना ती दाराच्या फटीतून बाहेर आली, भिंतीच्या कडेकडेने मखराच्या मागून गेली, आणि सोफ्याच्या हातावर बसली. मागच्या वर्षी ज्याने ओढलं होतं तो भाऊ त्याच सोफ्यावर होता. त्याने कप खाली ठेवला, तोंड खिडकीकडे फिरवलं आणि हळूच डोळे मिटले. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं काकू, तुम्ही सकाळी सांगून गेला होतात. ती पाच मिनिटं बसली असेल. मग गेली खोक्यात. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी फोटो काढला नाही.

अजून उंच आवाजाची पुरुष माणसं आली की ती कपाटावर असते, तिथून बघते, आणि आम्ही बघू देतो. देऊन टाकायचा विषय परत निघालेला नाही.

साडीचा तो तुकडा आता पार विरलाय, जाळी झालीय नुसती. लेकीला सांगून दुसरा पाठवाल का, न धुतलेला. आणि दिवाळीला आलात की टकटक करू नका. बेल वाजवा. पाट तिथेच आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची