रात्रपाळीच्या सिस्टर, त्या चिठ्ठीसाठी थँक्यू

सिस्टर,

तुमचं नाव तेव्हा विचारायचं राहूनच गेलं आणि तुम्हाला मी आठवत असेन असंही नाही, कारण पेशंट मी नव्हतेच, पेशंट माझी आई, मी आपली रात्री सोबतीला थांबलेली. पहाटे तीनच्या सुमारास कॉटखालची पिशवी काढायला वाकले आणि झालं सुरू नेहमीचं, डोकं ठणकायला लागलं, धडधड इतकी की कानात ऐकू यायची, आणि दरदरून घाम. मला सवय झाली होती हो त्याची, दीड वर्ष हेच चाललेलं, पंधरा-वीस मिनिटं गप बसायचं की जातं. तुम्ही आईचं सलाईन बघायला आलात आणि माझ्याकडे बघून थांबलात.

"ताई, असं होतं तेव्हा आरशात बघितलंय का कधी? पांढऱ्याफटक पडलाय तुम्ही." मी नको नको म्हणतेय तोवर तुम्ही बीपीचा पट्टा माझ्या दंडाला बांधलात पण. २१०/१२०. मग अर्ध्या तासाने आठवणीने परत आलात, तेव्हा १३०/८०. दोन्ही आकडे वेळेसकट एका चिठ्ठीवर लिहिलेत, खाली लिहिलंत की दोन आठवडे रोज अशी नोंद ठेवा, आधी काय करत होता तेही लिहा. आणि म्हणालात, मी काही डॉक्टर नाही, पण असा एक पेशंट बघितलाय, त्याला अॅड्रिनलची गाठ निघाली होती, एकदा विचारून बघा.

अॅड्रिनल, म्हणजे मूत्रपिंडावरची हार्मोन बनवणारी ग्रंथी, हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. त्याआधी मला सांगितलं होतं टेन्शन आहे, मग सांगितलं पाळी जायचं वय आहे, आणि मलाही ते पटलं होतं कारण घाम तर येतच होता. पण त्या वयातल्या गरम वाफांनी चेहरा लाल होतो, माझा पांढरा पडायचा आणि हात गार, हे मला कुणी विचारलंच नव्हतं आणि सांगायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं. दवाखान्यात पोचेपर्यंत अॅटॅक संपलेला असायचा, बीपी जवळजवळ नॉर्मल. वर एकांनी धडधडीसाठी नुसतं बीटा ब्लॉकर दिलं होतं, त्याने मला जास्तच त्रास व्हायला लागला होता. का ते नंतर कळलं, या गाठीत आधी अल्फा ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, द्यावं लागतं, नुसतं बीटा दिलं तर रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि बीपी उलट चढतं.

तर नोंद ठेवली. १४ दिवसांत ११ अॅटॅक, बरेचसे वाकल्यावर, काही शौचाला जोर केल्यावर, आणि दोन अगदी काहीच न करता बसलेली असताना. ती वही बघून हार्मोनच्या डॉक्टरांनी मेटानेफ्रिनची (अॅड्रिनलिनसारख्या हार्मोनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासणी सांगितली, रक्ताची, त्यासाठी आधी अर्धा तास आडवं पडून राहायचं, आणि २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची (घरात तो कॅन कुठे ठेवायचा यावरून जे झालं ते लिहीत नाही). दोन्ही खूप वाढलेलं. मग सीटी स्कॅन, उजव्या अॅड्रिनलवर ४ सेंटिमीटरची गाठ, फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अॅड्रिनलिनसारखे हार्मोन जास्त सोडणारी. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ही ग्रंथी, वजन जेमतेम ४-५ ग्रॅम, आणि केवढा दंगा!

ओपीडीत बसल्या बसल्या कळलं की याच ग्रंथीच्या सगळ्या गाठी असं वागत नाहीत. माझ्या शेजारी एक काका असायचे, त्यांचं बीपी तीन-तीन गोळ्यांनी खाली येत नव्हतं, पायात गोळे यायचे, पोटॅशियम कायम कमी, त्यांच्या गाठीतून अल्डोस्टेरॉन, शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन, जास्त येत होतं. एका मुलीचा चेहरा गोल झालेला, पोट सुटलेलं पण हातपाय काडीसारखे, पोटावर जांभळे पट्टे, जरा काही लागलं की काळंनिळं, तिच्या गाठीतून कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त येत होतं. तिला वर्षभर सगळे डाएट कर म्हणत होते, मला तिचाच जास्त राग आला, म्हणजे तिच्यासाठी आला. आणि पुष्कळांना तर काहीच होत नाही, दुसऱ्याच कशासाठी स्कॅन केला की गाठ दिसते.

ऑपरेशनआधी दोन आठवडे अल्फा ब्लॉकर, भरपूर पाणी आणि मीठही जास्त. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले मीठ खा. उठलं की चक्कर यायची, नाक चोंदलेलं, पण अॅटॅक थांबले. मग दुर्बिणीने गाठ काढली. जीनची तपासणीही करून घ्यायला सांगितली, कारण ही गाठ बऱ्याच जणांत घराण्यातून येते, माझ्यात तसं काही निघालं नाही. मेटानेफ्रिन मात्र दरवर्षी तपासायचं, कायमचं.

यंदाचं नॉर्मल आलं. आई पण बरी आहे, तुमची आठवण काढते, ती सलाईन न दुखवता लावणारी म्हणून. मी तिथे तुम्हाला शोधायला आले होते पण तुमची बदली झालेली.

थँक्यू सिस्टर. तुमची ड्युटी आईपुरती होती, माझ्याकडे बघितलं नसतं तरी कुणी काही म्हणालं नसतं.

चिठ्ठी अजून फाईलच्या पहिल्या पानावर आहे. फक्त एक सांगते, अक्षर फार वाईट आहे तुमचं, २१० मधला १ अगदी ९ सारखा दिसतो, डॉक्टरांनी आधी २९० वाचलं आणि खुर्चीत एकदम सरळ बसले.