संघ खालच्या गटात घसरला, कोच तिथंच राहिला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हंगाम अर्ध्यावर यायच्या आत कोच बदलल्याच्या बातम्या आपल्या क्रीडा पानावर यंदाही येत आहेत. दोन सामने हरले की तिसऱ्याला बाकावर नवा माणूस. या बातम्या वाचल्या की मला जर्मनीतलं फ्रायबुर्ग आठवतं, म्हणून हे पत्र.

माझी लेक तिथं राहते. २०२४ मध्ये नातीच्या जन्माच्या वेळी आम्ही दोघं नवरा-बायको मार्च ते मे तिच्याकडं होतो. आम्ही पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, १८ मार्चला, शहरभर एकच विषय झाला : तिथल्या एससी फ्रायबुर्ग या फुटबॉल संघाचे कोच ख्रिस्तियान श्ट्राईश हंगाम संपल्यावर पद सोडणार. शेजारचे आजोबा जिन्यात भेटले, त्यांनी मला ते हातवारे करून सांगितलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जर्मन. पण घरातलं कुणी गावाला निघाल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता, तेवढ्यावरून समजलं.

मी तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉल. त्यामुळं या माणसाविषयी मिळेल ते लेकीकडून वाचून घेतलं. जन्म १९६५चा, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या वाइल आम राईनचा. बालपण शेजारच्या आयमेल्डिंगेन या लहानशा गावात, आईवडिलांचं मटणाचं दुकान. खेळायचे मध्यरक्षक म्हणून. स्टुटगार्टर किकर्स, फ्रायबुर्ग, होम्बुर्ग असे संघ झाले, पण जर्मनीच्या सर्वोच्च बुंडेसलिगात त्यांच्या नावावर सामने किती? अवघे दहा. आपल्याकडं अशा खेळाडूला कोच म्हणून कुणी विचारलंही नसतं, कारण आपण आधी विचारतो, 'गड्यानं गोल किती मारले?'

पुढं त्यांनी विद्यापीठात जर्मन भाषा, इतिहास आणि खेळ हे विषय घेतले, शिक्षक होण्यासाठी. हे वाचल्यावर मला ते आपल्यातलेच वाटले, लपवत नाही. १९९५ला एससी फ्रायबुर्गच्या पोरांचे कोच झाले आणि तब्बल सोळा वर्षं त्या पोरांतच राहिले. २००८ला त्यांचा १९ वर्षांखालील संघ जर्मनीचा विजेता झाला, युवा चषकही त्यांनी तीनदा जिंकला. मग डिसेंबर २०११मध्ये मुख्य संघ १७ सामन्यांत १३ गुण घेऊन तळाला बसला असताना त्यांना वर बोलावलं. (फ्रायबुर्गवाले कोच काढतच नाहीत, असं माझं म्हणणं नाही. श्ट्राईश यांच्या आधीच्या कोचना त्यांनी अर्ध्या हंगामातच दूर केलं होतं.) जानेवारीतला पहिलाच सामना ऑग्सबुर्गशी होता. श्ट्राईश यांनी दोनच दिवसांपूर्वी अठरा पूर्ण केलेल्या मथियास गिंटरला बदली खेळाडू म्हणून उतरवलं आणि शेवटच्या मिनिटांत त्यानंच गोल केला. १-०. हे पोरगं त्यांच्याच युवा संघातलं. आपण ज्याला 'अजून कच्चा आहे' म्हणून बाकावर ठेवतो, तो कितपत पक्का झालाय हे सोळा वर्षं पोरांत काढलेल्या माणसाला ठाऊक होतं. तो हंगाम त्यांनी बाराव्या क्रमांकावर संपवला, पुढच्या हंगामात तर पाचव्या.

पण मला सांगायचंय ते २०१५चं. शेवटून दुसऱ्या सामन्यात फ्रायबुर्गनं चक्क बायर्न म्युनिकला हरवलं. शेवटच्या दिवशी हॅनोव्हरला २-१ असे हरले आणि थेट दुसऱ्या श्रेणीत घसरले. क्लबनं कोचला काढलं नाही आणि कोचही दुसरीकडं गेला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत पहिले येऊन वर आले, लाइपझिगसारख्या पैसेवाल्या संघाला मागं टाकून. २०२२ला बर्लिनमध्ये जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात हाच लाइपझिग समोर होता. १-१ बरोबरी, मग टायब्रेकर. कर्णधार ग्युंटरचा फटका बारवरून गेला आणि चषकही गेला. तरी दुसऱ्या दिवशी कोचची खुर्ची जागच्या जागी होती.

हे मला का लागतं, तर एका अंतिम सामन्यात माझा संघही टायब्रेकरवर हरला होता. ज्या पोराची पेनल्टी हुकली तो सतरा वर्षांचा होता, बूट न काढता गोलपोस्टला टेकून बसून राहिला होता. त्याला घरी पोहोचवून मी रात्री अकराला परतलो. सकाळी सातला फोन आला, 'सर, पुढच्या वर्षी आम्ही दुसरं बघतोय.' संघाचं नाव सांगत नाही, ती माणसं आजही मला नमस्कार घालतात. मी दुसऱ्या संघाकडं गेलो. त्या पोरानं मात्र खेळणं सोडलं. मी तिथंच असतो तर त्याला पुन्हा उभं केलं असतं, हे मला आजही वाटतं.

११ मे २०२४ला श्ट्राईश यांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता, हायडेनहाइमविरुद्ध. त्या संघाचे कोच फ्रांक श्मिट म्हणजे हायडेनहाइमचेच भूमिपुत्र, २००७पासून तिथंच आणि संघाला खालच्या श्रेणीतून बुंडेसलिगात आणणारे. तिकीट मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून जावयाबरोबर नुसता स्टेडियमबाहेर जाऊन उभा राहिलो. पाहावं तिकडं सायकली. पोराला मागं बसवून आलेले बाप, लाल मफलर बांधलेल्या आज्या. श्ट्राईशही सायकलवरूनच मैदानावर यायचे, असं जावयानं सांगितलं. सामना १-१ सुटला. शिट्टी झाल्यावर लोक बाहेर पडतील म्हणून आम्ही बाजूला सरकलो, तर कितीतरी वेळ कुणी बाहेरच येईना. आतून फक्त टाळ्या ऐकू येत होत्या.

त्यांच्या जागी युलियान शुस्टर आले. तेही तिथलेच मध्यरक्षक, संघाचे जुने कर्णधार. खेळणं थांबवल्यावर त्यांनी युवा संघ आणि मुख्य संघ यांना जोडण्याचं काम केलं होतं. त्यांच्या पहिल्याच हंगामात संघ पाचवा आला. बाहेरून मोठं नाव आणायची गरजच पडली नाही.

आपल्याकडं पैसा कमी आहे, मैदानं कमी आहेत, हे मी नाकारत नाही. पण पोरांच्या कोचला चार-पाच वर्षं एका जागी राहू द्यायला किती पैसे लागतात? फुटबॉल संघ चालवणाऱ्या पेठांतल्या तालमींनी आणि मंडळांनी याचा विचार करावा, ही हात जोडून विनंती. संपादकसाहेब, आपल्याकडंही एक मागणं आहे. शालेय आणि १४ वर्षांखालील स्पर्धांच्या निकालात गोल करणाऱ्याचं नाव छापता, त्याच ओळीत त्याच्या कोचचंही छापा, आणि तो या पोरांबरोबर किती वर्षं आहे तेही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर