ट्रान्झिस्टर मुलांच्या हातात द्या

संपादक महोदय,
स. न.

केंद्र सरकारने २०२१ साली सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली, तेव्हापासून चिप डिझाइनची चर्चा जोरात आहे. आनंदच आहे. पण अ‍ॅनालॉग सर्किट शिकणारी मुलं प्रयोगशाळेत काय करतात, हेही पाहायला हवं. अनेक ठिकाणी ट्रेनर किटवर सर्किट आयतं जोडलेलं असतं. पॅच कॉर्ड खोचायच्या, रीडिंग घ्यायची, जर्नलवर सही घ्यायची, झालं प्रॅक्टिकल!

त्याऐवजी ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडायची पाटी) आणि मूठभर बीसी५४७बी, म्हणजे साधे बीजेटी (बायपोलर) ट्रान्झिस्टर, द्या. नऊ व्होल्टचा सप्लाय, बेसला २.२ मेगोहम, कलेक्टरला ४.७ किलोओहम. डेटाशीटप्रमाणे या ट्रान्झिस्टरचा बीटा (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टर करंट मिळतो तो आकडा) २०० ते ४५० च्या दरम्यान कुठेही असू शकतो. २०० असेल तर कलेक्टरवर सुमारे ५.४ व्होल्ट मिळतात, ४५० असेल तर जेमतेम १. नंबर तोच, सर्किट तेच, नुसता ट्रान्झिस्टर बदलला! हे व्होल्टेज बीटावर अवलंबून राहू नये म्हणून एमिटर रेझिस्टर आणि व्होल्टेज डिव्हायडर लावतात, हे मग फळ्यावर पटवून द्यावं लागत नाही. आणि बीटा एवढा हलत असूनही एक मिलिअँपिअर करंटला ट्रान्सकंडक्टन्स (बेसचं व्होल्टेज थोडं बदललं की कलेक्टर करंट किती बदलतो ते माप) मात्र प्रत्येकाचा ४० मिलिसिमेन्सच्या आसपासच येतो. ही गंमत मुलांना स्वतः मोजून कळायला हवी.

मग जेफेट द्या, म्हणजे गेटच्या व्होल्टेजवर करंट कमी-जास्त करणारा ट्रान्झिस्टर. गेट-सोर्स व्होल्टेज शून्य असताना तो वाहत असतो, तर २एन७००० हा मॉसफेट (गेट इन्सुलेटरने वेगळं केलेला ट्रान्झिस्टर) बंद असतो. त्याला चालू व्हायला ०.८ ते ३ व्होल्ट लागतात, नगानगाप्रमाणे वेगळे. त्यामुळे बीजेटी, जेफेट आणि मॉसफेट या तिघांचं बायसिंग (सिग्नल नसताना ठरवून दिलेले व्होल्टेज आणि करंट) वेगवेगळं. साध्या इलेक्ट्रेट माइकच्या कॅप्सूलमध्ये जेफेटच का बसवतात, हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारून बघा. गेट जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून माइकचा नाजूक सिग्नल शाबूत राहतो. सूत्रं पाठ असलेला मुलगाही इथे अडतो.

संगणकावरचं सिम्युलेशन जरूर शिकवावं, त्याशिवाय चिप बनत नाही. पण त्यात त्याच मॉडेलचे दहा ट्रान्झिस्टर ठेवले तर आपण मुद्दाम फरक घातल्याशिवाय दहाही हुबेहूब सारखेच वागतात.

बीसी५४७ काही रुपयांत मिळतो. दोन-चार जळाले तरी बिघडत नाही. विद्यापीठांनी आणि तंत्रशिक्षण मंडळाने एवढं करावं: एकच अ‍ॅम्प्लिफायर बीजेटी, जेफेट आणि मॉसफेट वापरून तीनदा बांधायला लावावा, आणि गुण रीडिंगला न देता बायसिंग तसं का निवडलं याच्या उत्तराला द्यावेत.

— तंत्रनिकेतनातील एक निवृत्त अधिव्याख्याता, पुणे