इमर्जन्सीचे दर दारावर लावा

मा. संपादक,

धुळे-सोलापूर हायवेच्या कडेनं ‘२४ तास इमर्जन्सी’, ‘ट्रॉमा केअर’ असे बोर्ड आता ठिकठिकाणी दिसायलेत. आत चार-पाच खाटा, एखादा मॉनिटर, ऑक्सिजन, ऑपरेशन थिएटर मात्र नाही. अपघात झाला की जो दवाखाना आधी दिसंल तिकडंच गाडी वळते, त्यात नातेवाइकांचा काय दोष?

माझ्या चुलतभावाच्या डोक्याला मार लागला तर आधी डिपॉझिट भरून घेतलं, मग सलाइन, दोन इंजेक्शनं, आणि दोन तासांनी म्हणे आमच्याकडं न्यूरोसर्जन नाही, घाटीला (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) न्या. बिल म्हणजे साधी चिठ्ठी: ‘इमर्जन्सी चार्जेस ९,०००, मॉनिटर ३,०००’, मेडिकलचं वेगळंच. घाटीत डॉक्टरांनी विचारलं कोणतं इंजेक्शन दिलंय, किती वाजता दिलंय, तर ना बिलावर ना रेफरच्या कागदावर काहीच नाही, आम्ही काय सांगणार! म्हणजे तपशीलवार बिल हा नुसता पैशाचा विषय नाही, पेशंटच्या जिवाचाच आहे.

इमर्जन्सीत आधी उपचार करायचे, बाकीचं नंतर, हे सुप्रीम कोर्टानं परमानंद कटारा केसमध्ये १९८९ लाच सांगितलंय. आपल्या राज्यात शुश्रूषागृह म्हणजे खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले, रुग्ण हक्क सनद आणि १५ सेवांचे दर दिसतील असे लावायचे असं त्यात आहे. पण दर किती असावा यावर काही बंधन नाही, आणि बोर्ड तरी किती जणांनी लावलाय? कोरोनात २०२० ला सरकारनं खासगी दवाखान्यात आयसीयूला दिवसाला ७,५०० आणि व्हेंटिलेटर असेल तर ९,००० अशी मर्यादा घातली होती, बिलं तपासायला ऑडिटर पण बसवले होते, मग आता का जमत नाही?

माझं म्हणणं एवढंच की इमर्जन्सीची फी, कोणते डॉक्टर नाहीत आणि सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना इथं चालते का नाही हे दारावरच मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे ज्याला पुढं जायचंय तो वेळ न घालवता पुढं जाईल. बिलात प्रत्येक औषध वेळेसकट पाहिजे. आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी ही सेंटरं एकदा रात्री अकराच्या पुढं जाऊन तपासावीत, त्या टायमाला ड्युटीवर नेमकं कोण असतं ते पण बघावं.

– एक वाचक, गेवराई (जि. बीड)