मागणी नोंदवहीतली एक नोंद

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालय वर्ग 'ड', म्हणजे सगळ्यांत खालचा वर्ग. चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि पावसाळ्यात भिंतीपासून दूर ओढून ठेवावे लागणारे दोन बाक, एवढा आमचा पसारा. आपल्या विभागाकडून स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार दिले जातात. त्यातल्या बालवाङ्मयाच्या गटात एक पुरस्कार वाढवावा, ही मागणी घेऊन मी लिहितो आहे. ज्या बाल किंवा कुमार पुस्तकात समलिंगी, उभयलिंगी किंवा तृतीयपंथी मूल माणूस म्हणून भेटतं, अशा पुस्तकासाठी हा पुरस्कार असावा.

ही मागणी कुठून आली ते सांगतो. २०१८ च्या सप्टेंबरची रद्दी बांधत होतो. ७ तारखेचा अंक हातात आला, तर पहिल्या पानाला चौकोनी खिडकी पडलेली. पट्टी ठेवून ब्लेडने कापलेली, एकही कड वाकडी नाही. स्पर्धा परीक्षेवाले कात्रणं काढतात, त्यांच्यापैकीच कुणीतरी असेल असं समजून मी चिडलो आणि 'वर्तमानपत्र कापू नये' अशी सूचना दारावर चिकटवली. गेलेली बातमी कोणती, हे बघायचं मला सुचलंही नाही.

दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, उरकल्यावर एका संध्याकाळी नववीतला एक मुलगा टेबलाशी आला. बाकीचे गेल्याची खात्री केली. कंपासपेटीतून घडी घातलेलं कात्रण काढून माझ्यासमोर उलगडलं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबरला दिलेला ३७७ कलमाचा निकाल, प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असं सांगणारा. मग खाली बघत म्हणाला, "काकाजी, माह्यावानी पोट्ट्याचा एखांदा पुस्तक आहे का जी?"

नव्हतं. मी कपाटं उघडली, खालच्या खणापर्यंत बघितलं, आणि शेवटी एक विज्ञानकथांचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते न वाचताच परत आणून ठेवलं. रागावलाही नाही. मला ते अजून खातं.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्रभर दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं चालतात. लुगडं नेसून नाचणारा गडी गावाला पाठ असतो, म्हातारे त्याला पैसे देतात, बाया कौतुकाने बघतात. त्याच गर्दीत ह्या मुलालाही मी पाहिलं होतं. सकाळी तोच मुलगा हातपंपावर जरा कंबर वळवून उभा राहिला की 'बायल्या' ऐकतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही वाचनालयात पेढे वाटले. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं, त्याचाही आनंद आहे. पण एवढ्या श्रीमंत भाषेत त्या मुलाच्या वाट्याला आली ती शिवी.

आपण म्हणाल, पुस्तक हवं तर लेखकांनी लिहावं, पुरस्कार कशाला? मंत्री महोदय, खेड्यातलं वाचनालय पुस्तकं कशी घेतं हे आपल्याला ठाऊक असेलच. आमच्या हातात येतं ते अनुदान. त्यातून शासनमान्य यादीतली पुस्तकं घ्यावी लागतात, आणि बाकीची निवड संचालक मंडळासमोर ठेवावी लागते. मंडळातले सगळे ओळखीचे, शेजारचे. असं पुस्तक मी माझ्या जबाबदारीवर घेतलं तर पुढच्याच बैठकीत 'हे कुठून आणलं' असा प्रश्न येणार. त्याच पुस्तकावर 'राज्य शासन पुरस्कारप्राप्त' असं छापलेलं असलं तर मी ते खुल्या खणात ठेवू शकतो. आमच्यासारख्यांना पुरस्कार हा असा उपयोगी पडतो. प्रकाशकही त्या भरवशावर हजार प्रती काढायचं धाडस करतो. मराठीत ह्या विषयावर बिंदुमाधव खिरे, दिशा पिंकी शेख ह्या लेखकांनी लिहिलं आहे, मोलाचं लिहिलं आहे, पण ते मोठ्यांसाठी. बारा ते सोळा वयाच्या मुलाच्या हाती देण्यासारखं माझ्या कपाटात आजही काही नाही.

हे काम दुसरीकडे ग्रंथपालांनीच पुढे नेलं, म्हणून मला जरा अधिक जवळचं वाटतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्ये १९७१ साली समलिंगी विषयाच्या पुस्तकांसाठी पहिला पुरस्कार दिला गेला. त्या पुरस्काराला पुढे स्टोनवॉलचं नाव मिळालं. न्यूयॉर्कमधल्या समलिंगी लोकांच्या ज्या बारमध्ये १९६९ च्या जूनमध्ये पोलिसांच्या धाडीला लोकांनी विरोध केला, ते हे नाव. मात्र मुलांच्या आणि कुमारांच्या पुस्तकांसाठी वेगळा स्टोनवॉल पुरस्कार यायला २०१० उजाडलं. म्हणजे त्यांनाही एकोणचाळीस वर्षं लागली. अशाच पुस्तकांसाठीचे अमेरिकेतले लॅम्डा साहित्य पुरस्कार १९८९ पासून दिले जातात, त्यांतही बाल आणि कुमार साहित्याला जागा आहे. आक्षेप तिथेही थांबलेले नाहीत. त्याच असोसिएशनच्या, सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत हीच पुस्तकं वर असतात. पण तिथल्या ग्रंथपालाकडे निदान दाखवायला काहीतरी आहे.

आक्षेप इथेही येतील. 'एवढ्या लहान मुलांना हे कशाला' हा पहिला. त्यावर माझं म्हणणं एवढंच, की तिसरीतल्या मुलाला 'छक्का' हा शब्द येतो आणि तो कुणाला म्हणायचा हेही कळतं. शिकवणी तर कधीचीच सुरू झाली आहे. शिक्षकांच्या हातीही काही नाही. तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून कसं घ्यायचं यावर एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती. आक्षेप आले आणि ती संकेतस्थळावरून काढली गेली.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो, राग मानू नये. २०२२ च्या डिसेंबरात ह्याच वाङ्मय पुरस्कारांतला एका अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार शासनाने रद्द केला, परीक्षण समितीही बरखास्त केली. असं पुन्हा होणार असेल तर हा नवा पुरस्कार न दिलेलाच बरा. जाहीर करून काढून घेतलेल्या पुस्तकाला नंतर कोणतंच गाव दारात उभं करणार नाही. म्हणून परीक्षकांत ह्या समाजातली माणसं घ्यावीत, मुलांसोबत काम करणारे शिक्षक घ्यावेत, आणि त्यांचा निर्णय अंतिम ठेवावा. पुस्तक त्याच वर्षी शासनमान्य यादीत यावं. पहिली काही वर्षं अनुवादही चालावेत, कारण मूळ मराठी पुस्तकं तयार व्हायला वेळ लागेल. आणि मुलींना विसरू नये. दहावीतल्या एका मुलीने केस बारीक कापले म्हणून घरच्यांनी तिचं वाचनालयात येणं बंद केलं. तिने काही मागितलंही नव्हतं.

बालकादंबरीसाठी आपण देता त्या पुरस्काराला साने गुरुजींचं नाव आहे. १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून त्यांनी उपोषण केलं होतं. त्यांच्या शेजारी ह्या पुरस्काराला जागा द्यावी, एवढं मागायला मला संकोच वाटत नाही.

तो मुलगा आता नागपुरात कामाला आहे. भाताच्या रोवणीला येतो तेव्हा वाचनालयात डोकावतो, पेपर चाळतो, जातो. आमच्याकडे वाचकांच्या मागणीची नोंदवही असते. त्या संध्याकाळी तो गेल्यावर मी तिच्यात त्याचं नाव न घालता नोंद केली होती. पुस्तक आलं की समोर तारीख घालून सही करतो. त्या ओळीपुढचा रकाना अजून कोरा आहे.

आपला नम्र,
एक ग्रंथपाल
जि. भंडारा